शब्दशंका : 'लाइट' म्हणजे नेमका कुठला उजेड?

मागच्या अंकात 'लाइट' या इंग्रजी शब्दाबद्दलच्या शंका मागवल्या होत्या. पत्रं आली, पण निम्म्याहून अधिक एकाच प्रश्नाभोवती घुटमळणारी. म्हणून त्या एका प्रश्नाला ऐसपैस जागा दिली आहे, बाकीची उत्तरं आटोपशीर. शब्दकोशाच्या नोंदी तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे एक खोड काही जात नाही. कोणी 'याला समानार्थी शब्द सांगा' म्हटलं की मी आधी 'कुठल्या वाक्यात?' असं विचारते. लोक वैतागतात, पण इलाज नाही.

प्रश्न : मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'लाइट'शी संबंधित शब्द म्हणून ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिमर, ग्लिंट आणि ग्लेअर दिले आहेत. मोबाइलमधल्या कोशात सगळ्यांचा अर्थ 'चमकणे'. असं असेल तर एवढे शब्द हवेत कशाला? (एक आई)

मोबाइलमधल्या त्या कोशावर माझा जुना राग आहे, तो बाजूला ठेवते. तुमची शंका रास्त आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत, कारण प्रत्येक शब्द उजेडाचं वेगळं वागणं सांगतो. मुलीला अर्थ पाठ करायला लावू नका. त्याऐवजी तिला विचारायला शिकवा: उजेड वस्तूतूनच येतोय की तिच्यावर पडून परततोय? स्थिर आहे की हलतोय? वस्तू कोरडी आहे की ओली? आणि बघणाऱ्याला सुखावतोय की छळतोय? एवढं विचारलं की 'चमकणे' आपोआप मागे पडतं.

'ग्लो'पासून सुरू करू. हा उजेड वस्तूच्या आतून येतो, मंद असतो, स्थिर असतो आणि त्यात ज्वाळा नसते. निखारा ग्लो करतो. कुठलाही घन पदार्थ साधारण 525 अंश सेल्सिअसपर्यंत तापला की अंधारात मंद लालसर दिसायला लागतो; तो ग्लो. मराठीत आपण 'निखारा फुलला' म्हणतो आणि मला ते इंग्रजीपेक्षा सरस वाटतं. पण ग्लोला उष्णता लागतेच असं नाही. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि त्यातून जवळजवळ थंड उजेड निघतो, तोही ग्लोच. चेहऱ्यावरच्या ग्लोला मात्र 'चमक' म्हणू नका. चेहरा चमकतो तो घामाने किंवा तेलाने. ग्लो असतो तेव्हा चेहऱ्यावर 'तेज' असतं, 'कांती' असते, आणि बोलीत छानपैकी 'तुकतुकी' असते.

'ग्लीम' हा वस्तूवर पडून परतलेला उजेड. घासूनपुसून लख्ख केलेलं पितळ, पॉलिश केलेलं लाकूड, नवी कोरी गाडी. याला मराठीत 'लकाकी' आणि 'तकाकी' हे दोन शब्द हाताशी आहेत आणि दोन्ही उत्तम आहेत. 'ग्लिटर'ला एक वस्तू पुरत नाही, अनेक लहान लहान पृष्ठभाग लागतात: जरी, टिकल्या, बर्फाचे कण. प्रत्येक कण वेगळ्या कोनातून उजेड परतवतो, म्हणून बघणाऱ्याने मान जरा हलवली तरी चमक जागा बदलते. हा आपला 'झगमगाट'. 'चकाकतं ते सगळं सोनं नसतं' या म्हणीत इंग्रज आज ग्लिटर वापरतात, जुन्या इंग्रजीत तिथे ग्लिस्टर असे.

'ग्लिसन' माझा लाडका, कारण त्यात ओल आहे. दव पडलेलं पान, पाऊस थांबल्यावरचा रस्ता, घामेजलेलं कपाळ, पाणावलेले डोळे हे सगळं ग्लिसन करतं. कोरडा रस्ता खडबडीत असतो, त्यामुळे उजेड सगळ्या दिशांना विखुरतो. पाण्याचा पातळ थर तो खडबडीतपणा बुजवतो आणि रस्ता थोडाफार आरशासारखा वागू लागतो. मराठीत यासाठी एकच नेमकं क्रियापद मला आजवर सापडलेलं नाही. मी 'ओली चमक' लिहिते, किंवा सरळ 'डोळे पाणावले' असं लिहून चमक वाचकावर सोपवते. अनुवादात प्रत्येक शब्दाला शब्द द्यायलाच हवा असं थोडंच आहे?

'ग्लिमर' म्हणजे धड दिसू न देणारा, कधी आहे कधी नाही असा उजेड. दूरवरचा मिणमिणता दिवा. 'मिणमिणणे' हे त्याचं तंतोतंत मराठी. आशेच्या बाबतीत मात्र सगळे 'आशेचा किरण' लिहून मोकळे होतात. किरण सरळ असतो, स्वच्छ असतो. ग्लिमरमध्ये तेवढा आत्मविश्वास नाही. तिथे 'पुसटशी आशा' बरी. 'ग्लिंट' एकदाच होतो आणि संपतो: पात्याची धार, चष्म्याची काच, कोणाच्या तरी डोळ्यातला मिश्कीलपणा. 'चमकून गेलं' यातलं 'गेलं' महत्त्वाचं.

शेवटी 'ग्लेअर'. तो छळतो. समोरच्या गाडीचे दिवे, पडद्यावर पडलेलं ऊन. मराठीत 'डोळे दिपतात' किंवा तिरकं ऊन असेल तर 'डोळ्यांवर तिरीप येते'. तिरीप हा शब्द नव्या मुलांच्या तोंडी ऐकू येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिला. ग्लेअरचा दुसरा अर्थ रागाने रोखून बघणे, म्हणजे डोळे वटारणे. दोन्ही अर्थांत समोरच्याला मान वळवावीशी वाटते, हे लक्षात ठेवलं की झालं.

आता मुलीने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: हे सगळे 'ग्ल'नेच का सुरू होतात? यातल्या बऱ्याच शब्दांचं मूळ एका प्राचीन धातूकडे जातं. त्याचा अर्थ चमकणे, शिवाय पिवळा-हिरवा रंग. इंग्रजीतले गोल्ड, यलो आणि ग्लास त्याच कुळातले. संस्कृतातले हिरण्य आणि हरितही तिथलेच. म्हणजे इंग्रजांचा ग्लो आणि आपला हिरवा दूरचे नातलग निघाले. पण नुसत्या व्युत्पत्तीने भागत नाही. एखादा ध्वनिसमूह एका अर्थाशी इतका चिकटतो की त्याच अर्थाचे आणखी शब्द त्याच्याकडे ओढले जातात. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने 1930 मध्ये अशा ध्वनिसमूहांना 'फोनेस्थीम' हे नाव दिलं. नियम मात्र समजू नका. ग्लू म्हणजे डिंक आणि ग्लूम म्हणजे चक्क काळोखी, तेही 'ग्ल'चेच.

मराठी हेच काम वेगळ्या रीतीने करते. आपण शब्द दुणावतो आणि मग आतले ध्वनी बदलून उजेड कमी-जास्त करतो. मोठ्याने म्हणून बघा: लुकलुक, लकलक, लखलख. तारा लुकलुकतो, दागिना लकलकतो, वीज लखलखते. 'उ'चा 'अ' झाला की उजेड वाढला, 'क'चा 'ख' झाला की आणखी वाढला. चमचम, चकचक, झगमग, झळझळ यांनाही असंच ओळीने लावून बघा. ज्या भाषेत एवढी सोय आहे तिथे सगळ्याला 'चमकणे' लिहिणाऱ्या कोशकर्त्याला काय म्हणावं, ते मी इथे लिहीत नाही.

प्रश्न : 'ट्विंकल', 'फ्लिकर' आणि 'शिमर' यांत फरक काय? (दहावीचा विद्यार्थी)

तिन्ही हलणारे उजेड आहेत. ट्विंकल म्हणजे लुकलुकणे. ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत येताना वातावरणातल्या अस्थिर हवेतून वाकडातिकडा होतो, म्हणून तारा लुकलुकतो. ग्रह दुर्बिणीतून बिंबासारखे दिसतात, त्यांचं लुकलुकणं फारसं जाणवत नाही. फ्लिकर म्हणजे विझू की राहू अशा ज्योतीचं फडफडणं. 'दिवा फडफडला' हे अगदी नेमकं आहे. शिमर मऊ आणि थरथरता असतो, जसं पाण्यावरचं चांदणं.

प्रश्न : 'लाइट' म्हणजे उजेड आणि 'लाइट' म्हणजे हलका. एकाच शब्दाला दोन इतके वेगळे अर्थ कसे? (वाचक)

एक शब्द नाहीच. दोन वेगळे शब्द आहेत, चालता चालता एकाच लेखनात येऊन पोचलेले. जर्मनमध्ये ते अजून वेगळे आहेत: उजेड तो लिख्ट, हलका तो लाइख्ट. उजेडवाल्या लाइटचे भाऊबंद लॅटिनमध्ये लुक्स, लुमेन आणि चंद्रासाठीचा लुना. संस्कृतात 'रुच्', म्हणजे प्रकाशणे. जे उठून दिसतं ते आवडतं, म्हणून रुचणे आणि रुची. हलकावाल्या लाइटचा संस्कृत भाऊ 'लघु'. लघुचं प्राकृतात लहु झालं, अक्षरांची अदलाबदल होऊन हलु, आणि त्यातून आपला 'हलका'. तेव्हा 'लाइट'चं भाषांतर 'हलका' करता तेव्हा तुम्ही एका भावाच्या जागी दुसरा भाऊ उभा करत असता. इंग्रजीतला लंग, म्हणजे फुप्फुस, हाही याच घरातला. हलका अवयव म्हणून हे नाव.

'अलाइट'मध्ये तर दोन्ही घराणी भेटतात. अलाइट म्हणजे पेटलेला, हे उजेडाकडून. अलाइट म्हणजे वाहनातून किंवा घोड्यावरून उतरणे, हे वजनाकडून: स्वार उतरला की घोड्याचं ओझं हलकं होतं.

मात्र भाऊ असले तरी स्वभाव एक नाही, आणि अनुवादक इथेच आपटतात. मराठीत 'डोकं हलकं झालं' म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. इंग्रजीत लाइट-हेडेड म्हणजे गरगरतंय, भोवळ येतेय. एका अनुवादात आजारी माणूस 'डोकं हलकं झाल्याने खुर्चीत बसला' असं वाचलं होतं. त्याला बरं वाटलं की वाईट, हे पान उलटल्यावरच कळलं. 'हलक्या कानाचा' माणूस इंग्रजीत सापडत नाही. मराठीत हलका माणूस म्हणजे नीच वृत्तीचा, हलका माल म्हणजे निकृष्ट. इंग्रजी लाइटला साधारणपणे असा डाग नाही. उलट लाइट-फिंगर्ड म्हणजे हलक्या हाताचा नव्हे, तर हात मारणारा, भुरटा. लाइट स्लीपरला 'हलकी झोप असलेला' लिहिण्याची गरज नाही, त्याची झोप 'सावध' असते. आणि 'मेक लाइट ऑफ' म्हणजे हसण्यावारी नेणे.

लाइट ब्लू, लाइट ग्रीन यांतला लाइट कुठला, असंही एकाने विचारलं आहे. तो उजेडाचा. मराठीत आपण 'फिका' म्हणतो, हल्ली 'हलका निळा'ही ऐकू येतो. मला फिका बरा वाटतो.

प्रश्न : 'लाइमलाइट'चा लिंबाशी काय संबंध? (पत्रकारितेची विद्यार्थिनी)

काही नाही. हा लाइम म्हणजे चुना. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या एकत्र ज्योतीत चुन्याचा तुकडा तापवला की तो वितळण्याऐवजी प्रखर पांढरा प्रकाश देतो. 1820 च्या दशकात थॉमस ड्रमंड या अभियंत्याने तो जमिनीच्या मोजणीत दूरवरच्या खुणेसाठी वापरला. 1837 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर तो आला आणि पुढे नाट्यगृहांत रुळला. चुन्याचा तुकडा झिजत असे, म्हणून दिव्याशी सतत माणूस बसवावा लागे. तोच झोत फिरवून नटाच्या मागे ठेवी. शतक संपता संपता विजेचे दिवे आले, चुना गेला, शब्द उरला. मराठीत 'प्रकाशझोतात येणे' छान रुळलं आहे, ते वापरा. 'झोतात येणे'ही पुरतं. लिंबाचा लाइम अरबी-फारसीकडून आलेला अगदी निराळा शब्द आहे.

प्रश्न : 'डिलाइट'मध्ये लाइट आहे ना? (वाचक)

दिसतो, पण नाही. लॅटिन 'डेलेक्तारे' म्हणजे मोह घालणे, रिझवणे. त्यापासून जुन्या फ्रेंचमधून 'डेलीत' आला. सोळाव्या शतकात इंग्रजांनी लाइट, नाइट यांच्या देखादेखी त्यात न उच्चारली जाणारी दोन अक्षरं घुसडली. आनंदाने चेहरा उजळतो हे खरं असलं तरी त्याचा या शब्दाशी संबंध नाही.

प्रश्न : 'नव्या पुराव्यांच्या प्रकाशात' हे मराठी बरोबर आहे का? (वकील)

चूक म्हणणार नाही, पण मी लाल पेन्सिल फिरवीन. 'इन द लाइट ऑफ' जसंच्या तसं उचललेलं आहे. 'नवे पुरावे पाहता' किंवा 'नवे पुरावे लक्षात घेता' म्हणा. 'प्रकाश टाकणे' हेही इंग्रजी वळणाचंच, पण ते आता इतकं मुरलं आहे की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. 'उजेडात येणे' मात्र अस्सल आहे. प्रकरण उजेडात येतं, आपणहून. कोणी टाकावा लागत नाही.

प्रश्न : मग 'उजेड' आणि 'प्रकाश' यांत फरक कोणता? (त्याच पत्रात)

उजेड म्हणजे ज्यात दिसतं ते. प्रकाश म्हणजे ते, आणि शिवाय शास्त्राचा विषयही. म्हणून प्रकाशाचा वेग असतो, सेकंदाला 29,97,92,458 मीटर. उजेडाचा वेग कोणी सांगत नाही. प्रकाशवर्ष असतं (आणि ते अंतराचं माप आहे, काळाचं नाही, हे दर वर्षी कोणाला तरी सांगावं लागतं). उजेडाला मात्र एक तिरकस बाजू आहे जी प्रकाशाला जमत नाही. 'काय उजेड पाडलास!' या वाक्यात प्रकाश घालून बघा, टोमणाच मरतो.

प्रश्न : 'कवडसा' याला इंग्रजी शब्द? (अनुवादिका)

एका शब्दात नाही. फटीतून आत येणारी उजेडाची पट्टी म्हणायची असेल तर 'शाफ्ट ऑफ लाइट', जमिनीवर पडलेला ठिपका म्हणायचा असेल तर 'पॅच ऑफ लाइट'. मराठीतला कवडसा दोन्ही आहे. झाडाखालचे कवडसे बहुधा गोल का असतात ते ठाऊक आहे ना? पानांमधली फट कशीही वेडीवाकडी असो, ती पुरेशी लहान असेल तर सूचिछिद्र कॅमेऱ्यासारखं काम करते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा पडते. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात. कादंबरीत तसा प्रसंग असेल तर 'पॅच' अजिबात पुरणार नाही, एक वाक्य खर्च करा.

प्रश्न : 'ट्वायलाइट' म्हणजे संध्याकाळच ना? (वाचक)

पहाटही. 'संधिप्रकाश' दोन्हीकडे चालतो. खगोलशास्त्रात त्याचे तीन टप्पे आहेत: सूर्य क्षितिजाखाली 6 अंशांपर्यंत असेल तर नागरी, 12 पर्यंत नाविक, 18 पर्यंत खगोलीय. त्यानंतर पूर्ण रात्र. मराठीने हे टप्पे अंशांनी पाडले नाहीत, पण झुंजुमुंजू, फटफटणे, तांबडं फुटणे आणि तिकडे तिन्हीसांजा, दिवेलागण, कातरवेळ अशी नावं दिली. 'डस्क'ला कातरवेळ लिहिण्याआधी थांबा. कातरवेळेला हुरहुर आहे, डस्कला ती असेलच असं नाही.

प्रश्न : 'लाइट'चा भूतकाळ 'लिट' की 'लाइटेड'? (शिक्षक)

दोन्ही शुद्ध. क्रियापद म्हणून लिट अधिक चालतं. नामाआधी विशेषण म्हणून लाइटेड कँडल असं दिसतं. तरुणांचं 'लिट', म्हणजे झकास, रंगलेलं, हे पेपरात लिहू देऊ नका, पण त्यांना नावंही ठेवू नका.

प्रश्न : दिव्याच्या खोक्यावर वॅट असे, आता लुमेन असतं. हा शब्द कुठला? (वाचक)

लॅटिन लुमेन म्हणजे प्रकाश. वॅट सांगतो दिवा वीज किती खातो, लुमेन सांगतो तो उजेड किती देतो. जुना 60 वॅटचा तारेचा दिवा साधारण 800 लुमेन देई. तेवढाच उजेड एलईडी दिवा 8 ते 10 वॅटमध्ये देतो, म्हणून वॅटवरून अंदाज बांधण्याची सवय सोडावी लागते. तो उजेड एखाद्या पृष्ठभागावर किती पडतो याचं माप लक्स, तोही लॅटिनचाच: एक चौरस मीटरवर एक लुमेन म्हणजे एक लक्स. थेट उन्हात एक लाख लक्सच्या आसपास, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नाही. तरी चांदण्यात वाट दिसते, ही आपल्या डोळ्यांची कमाल.

प्रश्न : 'लाइट गेली', 'लाइट गेला' की 'लाइट गेले'? (तीन मैत्रिणींची पैज)

गेली. इथे लाइट म्हणजे वीज, आणि विजेचं लिंग तिला मिळालं. तेच दिवा या अर्थी 'खोलीतला लाइट लाव', 'लाइट उडाला' असं बरेच जण बोलतात, कारण मनात दिवा असतो. 'लाइट गेले' म्हणणारेही आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा घरातले सगळे दिवे एकदम असतात. तेव्हा पैज 'गेली'वालीने जिंकली, पण 'गेले'वालीकडून पूर्ण रक्कम वसूल करू नये.

पुढच्या अंकासाठी शब्द आहे 'रन'. पत्रात वाक्य लिहा, नुसता शब्द पाठवू नका.